लाइट नो फायर: शंका घ्याच, पण ग्रहाच्या आकारावर नको

तुम्ही विचारलंय की हॅलो गेम्स या स्टुडिओच्या शॉन मरेचा नवा गेम लाइट नो फायर म्हणजे परत त्याच्या आधीच्या नो मॅन्स स्काय या गेमसारखीच हवा आहे का, पृथ्वीएवढा ग्रह आणि त्यावर सगळे प्लेअर एकत्र हे होऊ तरी शकतं का, आणि आपल्या ग्रुपला आत्तापासून त्याच्या नादी लावावं की गप्प बसावं. मी मल्टिप्लेअर गेमच्या सर्व्हर आणि नेटवर्किंगचं काम करतो, बरीच वर्षं तेच करतोय. हॅलो गेम्सशी माझं काही देणंघेणं नाही, त्यांनी लोकांसमोर जे दाखवलंय त्यावरूनच बोलतोय.

मला वाटतं तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. मरे खरं बोलतोय का, एवढं मोठं जग बनवता येतं का, आणि त्या जगात आपल्याला बाकीचे लोक खरंच दिसणार का. लोक पहिल्या दोनवर तावातावाने भांडतात, कोणी म्हणतं २०१६ ला नो मॅन्स स्कायच्या वेळी फसवलं तो परत फसवणार, कोणी म्हणतं एवढा मोठा ग्रह अशक्य आहे. माझी शंका जवळजवळ पूर्ण तिसऱ्यावर आहे, आणि त्या तिसऱ्याबद्दल कोणी नीट विचारतच नाही.

आधी आकाराचं बघू, कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे. असं जग कोणी हाताने बनवत नाही आणि डिस्कवर साठवूनही ठेवत नाही. एक बीज आकडा असतो, त्याला सीड म्हणतात, आणि त्यावरून डोंगर, नदी, झाडं गणिताने तयार होतात, जिथे तुम्ही उभे आहात तिथलीच आणि तेवढीच. दोघांच्या मशीनवर सीड सारखा आणि गणित सारखं, तर डोंगरही सारखाच येतो, सर्व्हरला तो डोंगर पाठवावा लागतच नाही. नो मॅन्स स्कायमध्ये २ च्या ६४ व्या घाताएवढे ग्रह याच युक्तीने आले. त्यामुळे ‘पृथ्वीएवढा ग्रह’ हे ऐकून माझ्या धंद्यातलं कोणी दचकत नाही.

अगदीच पोरखेळ आहे असंही नाही हां. गेम इंजिनात जागा साधारण ३२ बिटच्या आकड्यात ठेवतात. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, म्हणजे मध्यापासून मोजलं तर पृष्ठभागावरचा माणूस ६३ लाख ७१ हजार मीटरवर उभा असतो, आणि एवढ्या मोठ्या आकड्यावर ३२ बिटला अर्ध्या मीटरपेक्षा बारीक फरक कळतच नाही. म्हणजे तुमचं कॅरेक्टर चालणारच नाही, अर्धा अर्धा मीटर उड्या मारत जाईल आणि हातातली तलवार थरथरत राहील. उपाय माहितीचे आहेत, ६४ बिट वापरायचं नाहीतर प्रत्येकाचा शून्य बिंदू त्याच्या जवळच ठेवून तो सरकवत राहायचं. दुसरी कटकट म्हणजे पीसी आणि कन्सोलवर तेच गणित शेवटच्या दशांशात वेगळं येऊ शकतं, मग तुमच्याकडे झाड आहे आणि मित्राकडे त्या जागी नुसतं गवत. वैताग आहे, पण सुटणारा वैताग आहे, आणि या टीमने तो आधी एकदा सोडवलेला आहे.

आता त्या आकाराचा खरा परिणाम बघा. पृथ्वीवरची जमीन सुमारे १५ कोटी चौरस किलोमीटर. समजा एकाच वेळी १० लाख लोक खेळतायत, जे फार कमी गेम्सच्या नशिबी येतं, आणि सगळे समान पसरलेत. तर प्रत्येकाच्या वाट्याला १५० चौरस किलोमीटर येतात. एक लाख असतील तर १५०० चौरस किलोमीटर. म्हणजे दिवसभर चाललात तरी माणूस दिसणार नाही. एवढ्या मोठ्या जगात मल्टिप्लेअर आहे की नाही हेच कळायला मार्ग उरत नाही, आणि नो मॅन्स स्कायचा घोळ नेमका इथेच झाला होता.

रिलीजच्या आधी मरेला विचारायचे की दोन प्लेअर भेटू शकतात का, तर उत्तर साधारण असं असायचं की हो, पण विश्व इतकं अफाट आहे की भेटण्याची शक्यता जवळजवळ शून्य. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला आणि पहिल्याच दिवशी दोन प्लेअर एकमेकांशी ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले, दोघांच्या स्क्रीनवर जागा तीच, पण माणूस दिसेना. कारण समोरच्याला दाखवायची सोयच त्यात नव्हती. शक्यता शून्य हा हिशोब लोक आंधळेपणाने फिरतील तर बरोबर आहे हो, पण लोक आंधळे फिरत नाहीत, लोक एकमेकांना शोधत येतात. आमच्याकडे लोड टेस्ट करताना, म्हणजे सर्व्हर किती गर्दी झेलतो ते तपासताना, बॉट म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेले नकली प्लेअर नकाशाभर पसरवून सोडायचे नाहीत असा नियमच आहे. पसरवले की सगळे आकडे छान हिरवे दिसतात आणि त्याचा उपयोग शून्य. सगळे बॉट एका अरुंद पुलावर उभे करायचे, त्यांना एकाच वेळी तलवार फिरवायला लावायची आणि मग सर्व्हरकडे बघायचं, कारण रिलीजच्या दिवशी माणसं तेच करणार असतात. आणि तो पूल कुठला हे डिझायनर ठरवत नाही, लोक ठरवतात.

तर मग एका जागी जमलेली माणसं महाग का पडतात ते सांगतो, जरा आकडेमोड आहे पण आख्खा मुद्दा तिथेच आहे. समजा एका प्लेअरची ताजी माहिती, म्हणजे कुठे आहे, कुठे बघतोय, हात कुठे, काय करतोय, ही दाबून दाबून ५० बाइटमध्ये बसवली आणि सेकंदाला २० वेळा पाठवली. १६ जण जवळ असतील तर प्रत्येकाला बाकी १५ जणांची माहिती लागते, सेकंदाला १५ किलोबाइट, काहीच नाही. १०० जण झाले की प्रत्येकाला ९९ किलोबाइट आणि सर्व्हरमधून सगळ्यांचे मिळून सेकंदाला जवळपास १० मेगाबाइट, ठीक आहे, अजून जमतं. १००० जण झाले की प्रत्येकाला एक मेगाबाइट आणि सर्व्हरमधून सेकंदाला एक गिगाबाइट. माणसं दहापट वाढली की ट्रॅफिक शंभरपट वाढतं, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचं कळवायचं असतं. त्या हजारांच्या गर्दीत तुम्ही तासभर उभे राहिलात तर एकट्या तुमच्यासाठी साडेतीन गिगाबाइट डेटा जातो, आणि डेटाचं बिल कोणीतरी भरत असतं. हे नुसतं पाठवण्याचं झालं, कोणाचा वार कोणाला लागला हे ठरवणं वेगळंच.

यावर इलाज नाहीत असं नाही, पण प्रत्येक इलाजात काहीतरी सोडावं लागतं. लांबच्या माणसांची माहिती कमी वेळा पाठवायची, पाठीमागच्यांची आणखी कमी, ठराविक संख्येपलीकडे दाखवायचीच नाहीत. अंतराळातल्या जहाजांचा गेम ईव्ह ऑनलाइन २००३ पासून, चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर, सगळ्यांना एकाच विश्वात ठेवून चालतोय, पण त्याचा सर्व्हर जग सेकंदाला एकदाच पुढे ढकलतो आणि गर्दी झाली की चक्क गेममधला वेळच हळू करतो, नेहमीच्या वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत. जानेवारी २०१४ मधली बी-आर फाइव्ह आर बी ची प्रसिद्ध लढाई २१ तास चालली ती अशीच. जहाजांच्या गेममध्ये हे खपून जातं, तुम्ही हुकूम देता आणि वाट बघता. लाइट नो फायरमध्ये चढायचंय, उडायचंय, हाणामारी करायचीय, तिथे वेळ दहा टक्क्यांवर आणला तर लोक कंट्रोलर फेकून मारतील.

बहुतेक स्टुडिओ म्हणून काय करतात तर त्याच जागेच्या अनेक प्रती चालवतात. तुम्ही आणि तुमचे तीन मित्र एका प्रतीत, त्याच धबधब्यापाशी दुसरे पन्नास जण दुसऱ्या प्रतीत, एकमेकांना न दिसता. जाहिरातीत मात्र ‘सगळे एकाच ग्रहावर’ असंच येतं, आणि ते खोटंही नसतं बरं का. सीड एकच, नकाशा एकच, तुम्ही बांधलेलं घर उद्या दुसऱ्याला दिसतंय, झालं की एकच जग. फक्त एका वेळी एका जागी किती जण एकमेकांना दिसतात हा आकडा कोणी ट्रेलरमध्ये सांगत नाही. नो मॅन्स स्कायमध्येही वाट तीच होती, २०१८ च्या नेक्स्ट अपडेटला चौघांचा ग्रुप आला, २०१९ च्या बियॉंडमध्ये पीसीवर तो आकडा ३२ पर्यंत गेला. चांगलं काम आहे ते, मी नावं ठेवत नाहीये. पण ‘पृथ्वीएवढा ग्रह, सगळे एकत्र’ ऐकून डोळ्यासमोर हजारो लोकांची जत्रा येत असेल तर ती आधी पुसून टाका. माझा अंदाज विचाराल तर एका ठिकाणी काही डझन लोक, त्याहून जास्त नाही. असं मी म्हणतोय ते तंत्रापेक्षाही पैशामुळे, कारण हॅलो गेम्सची आतापर्यंतची पद्धत म्हणजे गेम एकदा विकायचा आणि मग वर्षानुवर्षं अपडेट फुकट द्यायचे. महिन्याची फी नसेल तर हजार-हजार लोकांच्या गर्दीचं रोजचं बिल कुठून निघणार? त्यांनी उद्या सबस्क्रिप्शन जाहीर केलं तर माझा अंदाज बदलेन.

इथपर्यंतचं थोडक्यात धरा: ग्रह बनेल, मोकळा मोकळा वाटेल, आणि त्यावर भेटणारी माणसं तुम्ही समजताय त्यापेक्षा बरीच कमी असतील.

आणखी एक जागा आहे जिथे माझी भुवई वर जाते, ती म्हणजे लोकांनी केलेले बदल टिकवणं. मूळ डोंगर सीडवरून फुकट येतो, पण तुम्ही त्याला पाडलेलं भोक फुकट येत नाही, ते कुठेतरी लिहून ठेवावं लागतं आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पाठवावं लागतं. नो मॅन्स स्काय खेळलेल्यांना आठवत असेल, कष्टाने खणून जमिनीखाली बेस करायचा आणि थोड्या दिवसांनी परत यावं तर माती परत आत भरलेली, कारण खणण्याच्या नोंदींना मर्यादा होती आणि जुन्या नोंदी जायच्या. लाखो ग्रहांवर लोक पसरलेले असताना हे असं होतं, आता सगळेच एका ग्रहावर आणि त्यातही चांगला समुद्रकिनारा दिसला की सगळे तिथेच घर बांधणार. मग जागा कोणाची, जुनी पडकी घरं किती दिवस ठेवायची, कोणी मुद्दाम डोंगरावर घाणेरडे आकार कोरले तर काय करायचं. हे प्रोग्रामिंगचे कमी आणि माणसांचे जास्त प्रश्न आहेत आणि भल्याभल्यांचा अंदाज इथे चुकतो. रिचर्ड गॅरियटच्या टीमने १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन काढला तेव्हा त्यात गवत, गवत खाणारे, त्यांना खाणारे शिकारी अशी आख्खी साखळी रचली होती. प्लेअर आत आले आणि दिसेल तो प्राणी मारत सुटले, प्राणी परत तयार होण्याच्या आत मेलेले, साखळीचा परिणाम कोणाला दिसायलाच वाव राहिला नाही आणि शेवटी ते काढून टाकावं लागलं. एका मोठ्या डिझायनरची सुंदर कल्पना होती, पण लोकांनी आत पाय ठेवेपर्यंतच.

आता त्या माणसाबद्दल, म्हणजे मरेबद्दल. तुमच्या प्रश्नात ‘परत फसवेल का’ असं आहे. २०१६ चा राग मला कळतो, ६० डॉलरचा गेम आणि सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी आत नव्हत्या. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या त्यांच्या जाहिरातीविरुद्ध ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रारी गेल्या, नोव्हेंबर २०१६ मध्ये नियामकाने जाहिरातीत नियमभंग नाही असा निकाल दिला, पण निकालाने लोकांचा राग थोडाच जातो. तरी मी माणसाचा स्वभाव ओळखत बसत नाही, त्याच्या वागण्यातलं काय बदललं ते बघतो. पहिल्या वेळी डिसेंबर २०१३ मध्ये गेम दाखवला आणि पुढची अडीच वर्षं तो इंटरव्ह्यू देत फिरला, पंधरा-एक लोकांची टीम आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हो’. लाइट नो फायर ७ डिसेंबर २०२३ ला द गेम अवॉर्ड्समध्ये दाखवला, तारीख दिली नाही, प्रीऑर्डर ठेवली नाही, स्टीमवर विशलिस्टचं बटण तेवढं ठेवलं आणि गप्प. मधल्या काळात त्या गेमसाठी केलेलं काम नो मॅन्स स्कायमध्ये येत गेलं, २०२४ च्या वर्ल्ड्स अपडेटमधलं पाणी आणि ढग तिथूनच आलेत. म्हणजे आपण वापरून बघू शकतो असा पुरावा देतायत. कोणी पैसे आधी मागतो आणि काम नंतर दाखवतो, तेव्हा मी जास्त घाबरतो. स्टार सिटिझन या गेमने २०१२ पासून लोकांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, ५० कोटी डॉलरचा आकडा २०२२ मध्येच पार झाला, आणि त्यानंतरही गेम अल्फातच, म्हणजे अर्धवट चाचणी अवस्थेतच राहिला. मरेने अजून तुमच्याकडून काही मागितलेलंच नाही, मग फसवणूक कशाची? फार तर तुमची अपेक्षा फुगेल, आणि ती फुगवायला आपण स्वतःच पुरेसे असतो.

बाकी तुम्हाला हा गेम जमेल की नाही हे तुम्ही कशासाठी जाताय यावर आहे. चौघं-पाचजण मिळून डोंगर चढायचा, रात्री कुठेतरी आडोसा बांधायचा, उद्या पुढे निघायचं, एवढंच हवं असेल तर मी म्हणेन की बिनधास्त वाट बघा, ही टीम नेमकं तेच चांगलं करते आणि त्यासाठी एका जागी आठ-दहा जण पुरतात. गिल्ड म्हणजे प्लेअरांच्या मोठ्या संघटना, शेकडोंची युद्धं, लोकांनी चालवलेला बाजार, राजकारण असलं काही हवं असेल तर या गेमकडून ती आस ठेवू नका, त्यांनी तसं कबूलही केलेलं नाही, ते आपल्याच डोक्यातून तिथे गेलंय. आणि ग्रुप वेगवेगळ्या खंडांवर विखुरलेला असेल तर ‘एकच जग’ या शब्दांवर भाळू नका. फायबरमधून सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०,००० किलोमीटरवरच्या मित्रापर्यंत जाऊन यायला कमीत कमी १०० मिलिसेकंद, त्यात कुठल्याच स्टुडिओला सवलत नाही. भटकायला, बांधायला ते चालतं. मारामारीत जाणवतं.

पुढचे व्हिडिओ येतील तेव्हा काय बघायचं ते सांगतो, मी स्वतः हेच बघणार. कट न करता एका फ्रेममध्ये किती प्लेअर आहेत ते मोजा, आणि त्यातले खरे कोण, गावातले कॉम्प्युटरवाले कोण हेही बघा. कोणी जमीन खणतोय आणि मग बाहेरून दुसरा प्लेअर आत येतो, त्याला तो खड्डा दिसतो असं दाखवतात का बघा, कारण आधीपासून सोबत असलेल्याला खड्डा दाखवणं सोपं आहे, नंतर आलेल्याला दाखवणं खरं काम. आणि सगळ्यात जास्त लक्ष चालत्या वस्तूवर ठेवा. एक जण जहाज किंवा मोठा प्राणी चालवतोय आणि दुसरा त्याच्या पाठीवर चालतोय, हे दिसायला साधं आहे पण आमच्यासाठी डोकेदुखी, कारण पाठीवरच्या माणसाची जागा जगाच्या हिशोबाने पाठवली तर तो जरा लॅग आला, म्हणजे माहिती उशिरा पोचली, की हवेत लटकतो किंवा जहाजातून आरपार जातो, म्हणून ती जहाजाच्या हिशोबाने पाठवावी लागते, आणि त्याने उडी मारली की मध्येच हिशोब बदलावा लागतो. त्या उडीच्या क्षणाला व्हिडिओ स्लो करून बघा, माणूस किंचित झटका खातो का. ऑगस्ट २०२५ च्या व्हॉयेजर्स अपडेटमध्ये त्यांनी नो मॅन्स स्कायमध्ये उडत्या यानाच्या आत मित्रांसोबत चालायची सोय दिली, तेव्हा माझी निम्मी धास्ती तिथेच गेली. अर्धी पाठीवरून खाली उडी मारतानाची अजून शिल्लक आहे.

ग्रुपला मी असं सांगेन की विशलिस्टला टाका, फुकट आहे, पण पहिल्या दिवशी पाचही जणांनी घेऊ नका, दोघांनीच घ्या. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, आणि अशा गेममध्ये कॅरेक्टर सजवण्यात आणि पहिली कुऱ्हाड बनवण्यातच ते दोन तास जातात. त्या दोघांनी आधी सजावट सोडून एकाच जागी पोचायचं, एकाने खड्डा खणायचा, दुसऱ्याने गेम बंद करून परत यायचं आणि खड्डा आहे का बघायचं. मग जिथे सगळ्यात जास्त गर्दी आहे असं लोक म्हणतायत तिथे जायचं आणि आजूबाजूची माणसं मोजायची. तासाभराचं काम आहे, बाकी तिघांनी तोवर पाकीट काढायचं नाही.